आमच्या दाराला माझं बोट चालत नाही

मी चावीवाला आहे. लोक स्वतःच्या घराबाहेर अडकले की ज्याला बोलावतात, तो मीच. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी मला "लवकर या हो, गॅस चालू आहे" म्हणून बोलावलंय. मी गेलोय, दार उघडून दिलंय आणि जाता जाता चार शब्द सुनावूनही आलोय, कारण तोंड बंद ठेवायला मला कोणी शिकवलंच नाही. चावी आत विसरणाऱ्या माणसाची मला कधी दया आली नाही. ज्याला स्वतःच्या दारातून आत जाता येत नाही त्यानं घर घेऊच नये, तंबूत राहावं, असं मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोललेलो आहे. तेव्हा आता पुढचं ऐकून कोणी हसलं तर मला तक्रार करायला जागा नाही.

खरं तर मला बायकोबद्दल सांगायचंय. पण ती म्हणते, माझ्यात सांगण्यासारखं काय आहे, तुमचंच सांगा, निदान लोकांची करमणूक होईल. म्हणून दोघांचं सांगतो.

बायकोनं सगळी उमेद तयार कपड्यांच्या कारखान्यात घालवली. काजं करणं आणि बटणं लावणं. लोकांच्या शर्टांची बटणं जागच्या जागी राहिली आणि हिच्या बोटांचे सांधे मात्र हलले. निवृत्त झाली तेव्हा बोटं सकाळी मिटायचीच नाहीत, आणि दुपारी मिटली तर उघडायला वेळ लागायचा. पण बाई खमकी. नर्सबाई म्हणून तिची एक मैत्रीण आहे, तिच्याकडे दुपारी पत्ते खेळायला जायची. बोटांत पानं धरता येत नाहीत म्हणून मी तिला लाकडाची एक खाचवाली पट्टी करून दिली होती, तिच्यात ती पानं उभी करायची. ती पट्टी मांडून बसली की भल्याभल्यांना घाम फुटायचा. खेळते उत्तम आणि त्याहून उत्तम लबाडी करते. पकडली गेली की म्हणते, हात दुखतात हो माझे, चुकून पडलं पान. नर्सबाई तर म्हणते की असा सोयीचा आजार तिनं उभ्या आयुष्यात बघितला नाही.

तर एक दिवस तिनं पत्त्यांना जाणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाली, कंटाळा आला, त्या बायका तेच तेच बोलतात. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. दुपारी जेवायला घरी आलं की दार आतून उघडायला माणूस, ताटात गरम अन्न. आपलं नशीब उघडलं म्हणून मी खूश. बायकोचं काय बंद झालं ते बघायला सवड कुणाला होती.

आता आमच्या दाराच्या कुलपाविषयी सांगायला हवं, कारण सगळ्याचं मूळ तिथं आहे. ते कुलूप मी स्वतः केलं होतं. आत एवढे लिव्हर, म्हणजे चावीनं उचलायच्या पट्ट्या, की तिजोरीच्या कारागिरानं हेवा करावा. नुसती चावी असून भागायचं नाही. दार थोडं आपल्याकडे ओढायचं, चावी किंचित वर उचलायची आणि मनगटाचा जोर लावून दोनदा फिरवायची. ही युक्ती माहीत नसलेल्या माणसाला खरी चावी देऊनसुद्धा दार उघडता आलं नसतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी या कुलपाची गोष्ट सांगायचो. बायको म्हणायची, अहो, आपल्या घरात आहे काय चोरायला? मी म्हणायचो, प्रश्न तो नाही. मग प्रश्न काय होता, ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

एक दिवस चष्मा घरी राहिला म्हणून मी भर सकाळी परत आलो, तर ही आमच्या दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसलेली. मांडीवर दुधाची पिशवी, हातात चावी.

"आत्ताच आले," ती म्हणाली. "जरा दम खात होते."

मी मोठ्या ऐटीत दार उघडलं आणि वर तिला युक्तीही पुन्हा समजावून सांगितली, ओढायचं, उचलायचं, फिरवायचं. तिनं ऐकून घेतलं. आत जाऊन तिनं दूध तापत ठेवलं आणि ते नासलं. आत्ताच आलेल्या बाईचं दूध कसं नासतं, हे माझ्यासारख्या माठालाही कळलं. चष्मा घेऊन बाहेर पडलो, तर समोरच्या दारात मास्तर उभे. मास्तर म्हणजे आमचे शेजारी, शाळेतून निवृत्त झाले तरी आवाजातून शाळा गेलेली नाही. त्यांनी मला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

मास्तरांनी सांगितलं, कितीतरी दिवस हेच चाललं होतं. ही बाहेर जायची आणि परत आली की पायरीवर बसायची, जिन्यातून कोणी येईपर्यंत. मास्तरांची चाहूल लागली की त्यांच्या हातात चावी द्यायची. मास्तर घरी नसले तर मीटर बघायला आलेल्या माणसाच्या, नाहीतर कुणाच्याही. आणि सगळ्यांना तिनं शपथ घातली होती की मला सांगायचं नाही. चावीवाल्याच्या बायकोला घरचं कुलूप उघडत नाही हे बाजारात कळलं तर आमच्या माणसाचं हसं होईल, असं तिचं म्हणणं. शेवटी शेवटी लोकांपुढे हात पसरायची लाज वाटून तिनं बाहेर पडणंच सोडलं होतं. फक्त दूध आणायला जायची.

लोकांची दारं उघडत गावभर हिंडलो आणि घरात बायकोला कोंडून ठेवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, माझ्याकडे तर दिवाही मीच लावलेला. मी दुकानात जाऊन बसलो आणि त्या दिवशी एकाही गिऱ्हाइकाला कुलपाची गोष्ट सांगितली नाही.

मग सुरू झाले माझे उपाय. कुलपातले निम्मे लिव्हर काढून टाकले. एकेक काढताना जीव तुटत होता, पण काढले. तेल घातलं. चावीला लाकडाची मूठ बसवली, चांगली हाताएवढी. तरी जमेना. कधी चावी भोकात जायची नाही, कधी गेली तर फिरायची नाही, आणि एकदा फिरली ती अर्ध्यात अडकली. बायको म्हणाली, राहू द्या हो. हे "राहू द्या" मला फार लागलं.

मी फोनवर मुलीला सांगितलं. ती दुसऱ्या गावी नोकरी करते. तिनं काही न विचारता एक खोकं पाठवून दिलं. आत बोटानं उघडायचं कुलूप. कुठल्याशा नव्या कंपनीचं पहिलंवहिलं मॉडेल. आवडलं नाही तर महिनाभरात परत घेतात, असं तिनं दोनदा सांगितलं, कारण बापाला ती ओळखते. माझ्या दुकानावर मी स्वतः रंगवलेली पाटी होती, 'बटणाची, बोटाची व बोलणारी कुलपे येथे दुरुस्त होणार नाहीत.' आणि या एकाच कुलपात तिन्ही गुण एकवटलेले. चालू-बंदचं बटण होतं, बोट लागायचं आणि वर ते बोलायचं.

पडलो तरी नाक वर या न्यायानं मी ते बसवायला घेतलं. आधी तपासलं. बाजूला रबराच्या झाकणाखाली चावीचं एक लहान भोक होतं, अडीअडचणीसाठी. मी बायकोच्या केसांतली पिन घेतली आणि चहा गार व्हायच्या आत ते उघडून दाखवलं. माझं डोकंच फिरलं. याला कुलूप म्हणतात? मी वाळल्यावर दगड होणारं लुकण घेतलं आणि ते भोक कायमचं बुजवून टाकलं. काम झाल्यावर मुलीला अभिमानानं कळवलं.

तिनं मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "बाबा, ते आणीबाणीसाठी होतं."

"आणीबाणी आली तर काय?" मी म्हणालो. "चावीवाला घरातच आहे."

कुलूप दारावर चढलं. बायकोनं अंगठा दिला, कुलपानं तो दोन-तीनदा चाटूनपुसून घेतला आणि मान्य केला. मग मी माझा अंगठा लावला. कुलपाच्या आतली बाई सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ठसा ओळखता आला नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा. मी दुसरा अंगठा लावला. मग तर्जनी, मग मधलं, करंगळीसुद्धा. दहाही बोटं झाली. बाईचा आवाज तसाच गोड. बायको तोंडाला रुमाल लावून आत निघून गेली.

कंपनीला फोन केला. तिकडच्या मुलीनं बोटं धुवायला सांगितली, पुसायला सांगितली, आणि शेवटी हळूच विचारलं, काका, तुम्ही काम काय करता? मी काम सांगितलं. पलीकडे खोकल्यासारखा काहीतरी आवाज झाला. हसू दाबत होती पोरगी. मग तिनं समजावलं की जन्मभर कानशीनं चाव्या घासल्या की चावीबरोबर बोटंही घासली जातात. माझ्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. पुढच्या मॉडेलमध्ये आकडे दाबून उघडायची सोय येणार होती, पण ते पुढच्या वर्षी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि ज्या भोकातून मी आत जाऊ शकलो असतो ते मी स्वतःच बुजवलेलं. मोबाइलवरूनही उघडतं म्हणे, पण माझा मोबाइल नुसता वाजतो आणि बंद पडतो, एवढंच त्याचं शिक्षण.

मग मी त्या कुलपाचे दोष हेरायला लागलो. सुनेच्या हातचं मीठ चाखणारी सासू परवडली. बायकोचा अंगठा ते पहिल्या खेपेला कधीच ओळखायचं नाही. बोट ओलं असलं की अजिबात नाही. बॅटऱ्या खायचं. दुपारी उगाच किणकिणायचं, दार बंद आहे, दार बंद आहे. अगं बाई, आहे ना बंद, मग झालं तर! मास्तरांनी फोनवर त्याच्याबद्दल लोकांनी काय काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवलं. एकानं लिहिलं होतं की यापेक्षा कुत्रा पाळा. मास्तरांचंही मत तेच, पहिलं मॉडेल घेणारा माणूस म्हणजे कंपनीचा फुकटचा प्रयोग. शेवटी मुलगीसुद्धा म्हणाली, चुकलंच माझं बाबा, परत करा, पुढच्या वर्षी सुधारलेलं येईल तेव्हा घेऊ.

सगळ्या जगानं माझी बाजू घेतली असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. महिना संपत आला तशी मी खोकं माळ्यावरून काढून झटकून ठेवलं. संध्याकाळी बायकोला सांगितलं, उद्या हे काढतो आणि पाठवून देतो. वर्षभर थांबू. तोवर तुला कुठं जायचं असेल तेव्हा दार उघडायला मी दुकानातून येत जाईन.

ती पत्त्यांची पट्टी पुसत होती. महिनाभर ती पुन्हा खेळायला जात होती, आणि हे मी दोषांच्या यादीत धरलंच नव्हतं.

"पुढच्या वर्षीचं कुलूप चांगलं असेलच हो," ती म्हणाली. "माझे हात असणार आहेत का पुढच्या वर्षी यंदापेक्षा बरे?"

ती चिडली नव्हती, तेच वाईट. तुमचं कुलूप, तुमचं दार, बघा तुम्हाला पटेल तसं, एवढं म्हणून ती पट्टी ठेवायला गेली. चिडली असती तर मी भांडलो असतो. भांडणात मी बरा आहे.

पण खोड जाते थोडीच. दुसऱ्या दिवशी दुपारी ती नर्सबाईकडे गेली असताना मी दुकान बंद करून हत्यारांची पिशवी घेऊन घरी आलो. म्हटलं, ती यायच्या आत काढून मोकळं व्हावं. दारासमोर पिशवी उघडली, पेचकस हातात घेतला, आणि मग लक्षात आलं की या कुलपाचे सगळे स्क्रू आतल्या बाजूला आहेत. ते काढायचं तर दार उघडायला हवं, आणि दार उघडायचं तर माझं बोट चालत नाही. मी लुकण खरवडून बघितलं. पिन घातली, तार घातली. लुकण दगडासारखं घट्ट. एवढं चोख काम केल्याचा मला आयुष्यात कधी पश्चात्ताप झाला नव्हता, तो तिथं झाला. वर ती आतली बाई दर खेपेला ओरडून सांगत होती, कृपया पुन्हा प्रयत्न करा.

खालून मास्तरांच्या चपलांचा आवाज आला. गावभरची कुलपं उघडणारा माणूस स्वतःच्या दारासमोर गुडघ्यावर बसलेला मास्तरांना दिसला असता तर त्यांनी मरेपर्यंत ते पुरवून पुरवून खाल्लं असतं. मी पिशवी उचलली आणि गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर जाऊन चोरासारखा दडून बसलो. मास्तर आले, आपल्या घरात गेले. आता उतरावं म्हणेपर्यंत पुन्हा पावलं वाजली. ती बायको होती.

कठड्याच्या फटीतून मला ती दिसत होती. एका हातात पत्त्यांची पट्टी, खांद्याला पिशवी. तिनं अंगठा लावला. बाई म्हणाली, ठसा ओळखता आला नाही. बायकोनं मास्तरांच्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही. रुमालानं अंगठा पुसला, पुन्हा लावला. पुन्हा नाही. मग ती कुलपाशी बोलायला लागली. लहान मुलीला शाळेत पोचवताना बोलावं तशी.

"अगं, मीच आहे. रोजची. कालही मीच होते ना? मग कशाला ताणतेस."

आणि तिसऱ्यांदा अंगठा लावला. आत खट्ट वाजलं. बायको हसली. कोणी बघत नाही असं वाटताना माणूस हसतो तसं, सगळ्या तोंडानं. "शाबास," ती म्हणाली आणि कोपरानं दार ढकलून आपल्या घरात गेली.

मी तिथंच बसून राहिलो. खाली जावंसं वाटेना, कारण डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि या वयात गच्चीच्या जिन्यात बसून रडणाऱ्या माणसाला कोणी पाहिलं तर काय सांगायचं? महिनाभर मी ते कुलूप कसं उघडतं ते मोजत होतो. ते उघडल्यावर कोण आत जातं ते एकदाही बघितलं नव्हतं. लोकांनी लिहिलेलं सगळं खरं होतं. मास्तरांचं खरं, मुलीचं खरं, माझं तर खरंच खरं. ते कुलूप अर्धवटच होतं. पण माझं पूर्ण कुलूप तिला पायरीवर बसवत होतं, आणि हे अर्धवट तिला घरात घेत होतं. मी पेचकस पिशवीत टाकला.

मग खाली उतरून घंटी वाजवली. आतून प्रश्न आला, कोण? मी म्हटलं, मी. दार उघडून तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग हत्यारांच्या पिशवीकडे, मग दारावर खरवडल्याच्या ताज्या खुणांकडे. बाईनं जन्मभर काजं केलीत, बारीक नजर आहे तिची. मग ती आत गेली. चहा ठेवला. मी खोकं उचलून परत माळ्यावर टाकलं, तेही ती बघत होती.

थोड्या दिवसांनी कंपनीतल्या त्याच मुलीचा फोन आला. परत पाठवायची मुदत संपली होती, म्हणून अभिप्राय हवा होता. मी तिला सगळे दोष क्रमानं ऐकवले. तिनं बिचारीनं लिहून घेतले. मग विचारलं, काका, तुम्ही हे दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगाल का? मी म्हटलं, मुळीच नाही. मग एवढं असून परत का नाही केलं? मी म्हटलं, ते आमच्या घरातलं आहे, त्याला रकाना नसेल तुमच्याकडे. दुकानावरच्या पाटीतला 'बोटाची' हा शब्द मी कानशीनं घासून काढलाय. पाटी आता जरा बोडकी दिसते. दिसू दे.

बायको आता रोज जाते. हल्ली खेळ फार रंगतो, म्हणून उशीर होतो. मी दुकान बंद करून येतो तेव्हा पुष्कळदा दार बंदच असतं. खिशात जुनी चावी आहे अजून, सवयीनं. ती कशालाच लागत नाही. मी आमच्या दाराबाहेरच्या पायरीवर बसतो. मास्तर येताजाता बघतात, घसा खाकरतात, एकदा तर तंबूचं काय झालं म्हणून विचारलं, मीच कधीतरी त्यांना ते ऐकवलं होतं. माझ्या घरी या म्हणतात. मी नको म्हणतो. पायरी थंड असते आणि टेकायला काही नाही, पाठ लवकर भरून येते. बसल्यावाचून हे मला कळलं नसतं.

काल तर ती फारच उशिरा आली. जिन्याच्या तळापासूनच तिचा आवाज येत होता, नर्सबाईला कसं हरवलं ते ती स्वतःलाच सांगत होती. मला बघून थबकली.

"अहो, कधीपासून बसलाय?"

मी उठून कपडे झटकले, अंगठ्यासाठी तिला वाट करून दिली.

"आत्ताच आलो," मी म्हणालो.